पेशी वाढल्या, की मरायच्या राहिल्या? – स्तनाच्या कर्करोगाबद्दल

कृष्णाकाठ (मूळ लेख)

गेल्या महिन्यात माझ्या आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला. डीसीआयएस. म्हणजे कर्करोग अजून दूधनलिकेच्या आतच आहे, भिंत ओलांडून बाहेर पडलेला नाही. आत्याने फोनवर एकच विचारलं, "अगं, माझ्या पेशी अशा वेड्यासारख्या कशा काय वाढल्या?" मी १४ वर्षं प्रयोगशाळेत पेशींबरोबरच दिवस काढते, पण त्या क्षणी मला धड उत्तर देता आलं नाही. तिच्या पेशी वाढल्या हे खरंच आहे. पण ज्या मरायला हव्या होत्या त्या मेल्या नाहीत, ही गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती आपल्याला कुणी सांगत नाही. आत्यासाठी नीट लिहून काढायला बसले, म्हटलं इथेही टाकावं.

आधी एक स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही, संशोधक आहे. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

दूधनलिका पोकळ असते. असायलाच हवी, नाहीतर दूध वाहणार कुठून? पण ती पोकळी येते कुठून? वाढणाऱ्या नलिकेचं टोक आधी आतून भरीव असतं. मग मधल्या पेशी एकेक करून मरतात आणि वाट मोकळी होते. म्हणजे स्तनाची घडणच मुळात मरणावर उभी आहे.

हे आम्ही डोळ्यांनी बघतो. एमसीएफ-१०ए नावाच्या, कर्करोग नसलेल्या स्तनपेशी एका जेलमध्ये पेरतात. ते जेल बर्फावर ठेवूनच हाताळावं लागतं, जरा ऊब लागली की पिपेटच्या टोकातच थिजतं. पेरल्यावर एकेका पेशीपासून एकेक इवला गोळा तयार होतो. आठवडाभर तो भरीव. मग आतल्या पेशी आक्रसायला लागतात, त्यांचं केंद्रक गडद होऊन त्याचे तुकडे पडतात. बाहेरच्या पेशी मात्र तशाच टवटवीत. दोन-अडीच आठवड्यांनी बघावं तर बांगडीसारखी एक कडा आणि मध्ये मोकळी जागा. दरवेळी तितकीच नवलाई वाटते मला.

आतल्याच पेशी का मरतात? कारण त्यांचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. बाहेरच्या पेशींचे पाय भोवतालच्या पडद्यावर टेकलेले असतात आणि तिथून त्यांना 'जग' असा निरोप सतत मिळत राहतो. ज्याला तो मिळत नाही त्या पेशीने स्वतःला संपवायचं, असा शरीराचा नियम आहे. या मरणाला १९९४ मध्ये 'अनॉइकिस' हे ग्रीक नाव मिळालं. अर्थ, बेघर होणं.

आता ज्या प्रयोगासाठी हा सगळा खटाटोप केला त्याकडे येते. २००२ साली हार्वर्डमध्ये जयंत देबनाथ, जोन ब्रुगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोळ्यांमध्ये आधी फक्त वाढीचा वेग वाढवला. पेशी भराभर विभागू लागल्या. पोकळी बुजली का? नाही! जितक्या जास्त जन्मल्या तितक्याच जास्त आत मरत गेल्या. मग त्यांनी उलट केलं. वाढ होती तशीच ठेवली आणि फक्त मरण अडवलं. पोकळी व्हायला उशीर झाला, पण झाली. तिसऱ्या वेळी दोन्ही एकदम केलं, आणि तेव्हा मात्र पोकळी भरून गेली. आत्याच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलंय त्याच्याशी मिळतंजुळतं चित्र.

ग्रामपंचायतीत जन्माचं एक रजिस्टर असतं आणि मृत्यूचं एक. गावाची लोकसंख्या सांगायला दोन्ही उघडावी लागतात. गाठीचंही तसंच आहे. आपण सगळे एकच रजिस्टर वाचत बसतो.

या शिस्तीतल्या मरणाचं नाव 'अपोप्टोसिस'. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी ते दिलं. झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. आपल्याकडे 'पानगळ' हा शब्द तयारच आहे, मी तोच वापरते. ठेच लागून, भाजून किंवा रक्तपुरवठा तुटून पेशी मरते तेव्हा ती फुटते, आतला माल बाहेर सांडतो, आजूबाजूला सूज येते. पानगळीत तसं काही होत नाही. पेशी आपला पसारा आवरते, स्वतःची लहान लहान गाठोडी बांधते, 'मला उचला' अशी खूण पृष्ठभागावर लावते आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. काही तासांत मागमूस राहत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज अंदाजे ५ ते ७ हजार कोटी पेशी अशा जातात.

यंत्रणा थोडक्यात सांगते. पेशीतल्या तंतुकणिका आपल्याला ऊर्जा देतात, मरणाची किल्लीही त्यांच्यापाशीच आहे. त्यांच्या आवरणाला भोकं पडली की सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर येतं आणि कॅस्पेज नावाची कात्रीसारखी विकरं जागी होतात. ती पेशीला आतून कापत सुटतात. भोकं पाडणारी प्रथिनं वेगळी (बॅक्स, बॅक) आणि त्यांचे हात धरून ठेवणारी वेगळी (बीसीएल-२ आणि तिची भावंडं). डीएनए बिघडला की पी-५३ हे प्रथिन आधी दुरुस्तीला वेळ मिळवून देतं, दुरुस्ती होत नसेल तर पानगळीचा हुकूम सोडतं. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे एक तृतीयांश गाठींमध्ये पी-५३ चं जनुकच बिघडलेलं सापडतं. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (ज्या गाठीत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ या तिन्हींचे ग्राहक जास्त सापडत नाहीत) हे प्रमाण फार मोठं आहे.

आत्याला मी शेवटी सांगितलं, "तुझ्या पेशी वेड्या नाही झाल्या. त्यांना निघायचा निरोप पोचेना झाला."

---

गोदावरी_७३

ताई, वाचनखूण साठवली. बहिणीची केमो चालू आहे, ते लाल औषध. आम्हाला वाटायचं औषध जाऊन पेशी जाळतं. तुमच्या लेखावरून वाटतंय की पेशी स्वतःच मरते. मग औषध नक्की काय करतं?

---

कृष्णाकाठ

गोदावरीताई, बहिणीला बळ मिळो. चार-पाच वर्षं शिकल्यावर मला पडलेला प्रश्न तुम्ही लेख वाचून लगेच विचारलात.

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याचंच भावंड असणार. ते डीएनएमध्ये तुटी पाडतं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध विभागणीच्या वेळचे दोर गोठवतं, त्यामुळे पेशीला धड दोन होता येत नाही. दोन्हीकडे औषधाने केलेलं काम म्हणजे दुखापत. त्या दुखापतीचा अर्थ 'आता संपवायचं' असा लावणारी यंत्रणा बहुतेक वेळा पेशीची स्वतःचीच असते. म्हणून तर एकच औषध एका बाईला गुण देतं आणि दुसरीच्या गाठीला ढिम्म लागत नाही. कर्करोगाच्या पेशीने पानगळीची वाट बुजवली असेल तर ती औषध पचवून बसते. केस का जातात तेही यातच आलं. केसांच्या मुळाशी सतत विभागणाऱ्या पेशी असतात, त्यांची यंत्रणा शाबूत असते आणि त्या इमानदारीने हुकूम पाळतात.

हर्सेप्टिन या औषधाचं काम वेगळं. एचईआर-२ (पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारं प्रथिन) जास्त असलेल्या गाठींमध्ये 'जग, जग' असा खोटा निरोप आतून सतत वाजत असतो, त्यामुळे बेघर झालेली पेशीसुद्धा मरत नाही. हर्सेप्टिन तो निरोप दाबतं, शिवाय शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना तिच्याकडे बोलावतं. टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनची गोळी, ती इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते.

एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते, तीही सांगते. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची जगात सर्वात जास्त वापरली जाणारी पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या एकाच मुळाच्या पेशी. मिशिगनमधल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून ती मिळाली, १९७३ मध्ये तिची माहिती छापून आली. पुढे पंचवीसेक वर्षांनी कळलं की या पेशींमध्ये कॅस्पेज-३ च नाही! जनुकाचा एक तुकडा गळालेला. मरणाची मुख्य कात्रीच नसलेल्या पेशींवर तोवर कितीतरी औषधांची पारख झाली होती. त्या मरतात, पण दुसऱ्या वाटेने. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते, की पेशी कुठली आहे ते आधी विचारा.

---

नंदिनी_नागपूर

आईच्या रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह आणि खाली 'बीसीएल-२ पॉझिटिव्ह' असं आहे. तुम्ही लिहिलंय की बीसीएल-२ मरण अडवते. हे वाचल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. कृपया सांगा, वाईट आहे का हे?

---

कृष्णाकाठ

नंदिनी, आधी पाणी पी आणि शांतपणे वाच. स्तनाच्या कर्करोगात बीसीएल-२ पॉझिटिव्ह असणं हे बहुतेक वेळा बरं लक्षण मानतात.

लेखात हे लिहायला हवं होतं, चूक माझी. बीसीएल-२ पहिल्यांदा सापडली ती लसिकेच्या कर्करोगाच्या, म्हणजे लिम्फोमाच्या एका प्रकारात. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हे जनुक भलत्याच ठिकाणी चिकटलं होतं आणि दिवसरात्र चालू राहिलं होतं. १९८८ मध्ये डेव्हिड वॉक्स यांनी दाखवलं की ते पेशीला वाढवत नाही, फक्त मरू देत नाही. लिम्फोमात ती खलनायिका आहेच.

स्तनात गोष्ट बदलते. ईआर, पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे ग्राहक आहेत. इथे बीसीएल-२ इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून बनते. म्हणजे ती दिसतेय याचा अर्थ त्या पेशीचा इस्ट्रोजेनशी धागा अजून तुटलेला नाही, गाठ सावकाश वाढणाऱ्यांतली असण्याची शक्यता जास्त, आणि हॉर्मोनच्या गोळ्या लागू पडण्याचीही. ऑन्कोटाइप नावाच्या २१ जनुकांच्या चाचणीत बीसीएल-२ जास्त असेल तर धोक्याचा आकडा कमी होतो. त्याच चाचणीत सर्व्हायव्हिन नावाचं जनुक आहे. तेही मरण अडवणारंच, पण ते जास्त असलं की आकडा वाढतो, कारण ते भराभर विभागणाऱ्या पेशींची खूण आहे. तेव्हा 'मरण अडवणारं म्हणजे वाईट' असं सरळ गणित मांडता येत नाही.

याची उलट बाजूही आहे. स्लाइडवर मेलेल्या पेशी खूप दिसल्या तर वाटतं, चला, गाठ मरतेय. तसं नसतं. आक्रमक गाठींमध्ये जन्म आणि मरण दोन्ही जोरात चालू असतात. दोन्ही रजिस्टरं भरभरून, पण जन्माचं जास्त जाड.

आईचा ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि केआय-६७ (किती पेशी विभागताहेत याची खूण) काय आहे, ते डॉक्टरांना विचार.

---

डॉ_माणदेशी

मी जनावरांचा डॉक्टर. या विषयात माझी थोडी भर.

गाय विण्याच्या साधारण दोन महिने आधी आपण तिला आटवतो. धार काढणं बंद केलं की कासेत दूध तुंबतं, ताणतं, आणि मग कास हळूहळू उतरते. शेतकऱ्याला हे रोजचं आहे. आतमध्ये दूध बनवणाऱ्या पेशी मरतात, त्या कामाच्या राहिलेल्या नसतात. उंदरात हे फार झपाट्याने होतं, आठवडाभरात बहुतेक दूधपेशी नाहीशा. गाईत सावकाश आणि कमी, कारण ती बहुधा पुन्हा गाभण असते आणि कासेची रचना मोडून चालत नाही.

कृष्णाकाठ, एक सड बंद केला तर फक्त तोच आटतो, बाकीचे चालू राहतात. म्हणजे हुकूम रक्तातून येत नाही, जागेवरच निघतो, असं मला वाटतं. बरोबर का?

---

कृष्णाकाठ

डॉक्टर, अगदी बरोबर. १९९७ च्या सुमारास हाच प्रयोग उंदरावर झाला. पिल्लं पीत असताना एकच सड चिकटवून बंद केला. त्या एका ग्रंथीत पानगळ सुरू झाली, शेजारच्या दूध देत राहिल्या. तुंबलेलं दूधच निरोप देतं.

आणि उंदरात पहिल्या दोन दिवसांत पिल्लं परत लावली तर सगळं मागे फिरतं, ग्रंथी पुन्हा दुधावर येते. दोन दिवस उलटले की मग आधाराचा पडदाच विरघळवणारी विकरं सुटतात आणि परतीची वाट बंद.

एक सुधारणा मात्र माझ्याच लेखाला. आटण्यातलं पहिलं मरण पूर्णपणे पानगळीच्या वाटेचं नाही. केंब्रिजच्या क्रिस्टीन वॉटसन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की तिथे लयकारिका (पेशीतल्या पाचक पिशव्या) फुटतात आणि त्यांतली कॅथेप्सिन विकरं पेशी संपवतात, मुख्य कॅस्पेजांवाचून. स्टॅट-३ नावाचं प्रथिन ते घडवून आणतं. शरीराने मरणाची एकच वाट ठेवलेली नाही.

---

सायली_ओक

मी मुलीला १४ महिन्यांनी अंगावरचं तोडलं, तेही नोकरीमुळे जरा अचानक. बाळंतपणानंतर काही वर्षं स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं वाचलं होतं. आटण्याशी त्याचा संबंध आहे का?

---

कृष्णाकाठ

सायली, खरं तेच सांगते, आणि पूर्ण वाच.

इतक्या पेशी एकदम जातात म्हणजे मागे साफसफाई होते. ती जखम भरण्यासारखी असते. सफाई करणाऱ्या पेशी येतात, आधाराचे धागे नव्याने विणले जातात. पेपर शेडिन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की तिथे आधीच एखादी कर्करोगाची पेशी दडून असेल तर या गडबडीत तिचं फावतं. पानगळ चांगली, पण पानगळीनंतरची जमीन काही दिवस भुसभुशीत असते.

माणसांतला हिशोब असा. २०१९ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बाळंतपणानंतर साधारण ५ वर्षांनी हा वाढीव धोका सर्वात जास्त दिसला, पुढे तो उतरत जातो आणि सुमारे २४ वर्षांनी मूल न झालेल्या बायकांपेक्षाही खाली जातो. पण त्या वयात मुळात हा आजारच फार कमी जणींना होतो, त्यामुळे वाढूनही तो थोडाच राहतो. आणि २००२ च्या मोठ्या अभ्यासात, ३० देशांची माहिती घेऊन, असं निघालं की दर १२ महिने अंगावर पाजल्याने धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. तू १४ महिने पाजलंस. त्यात तुझं काही चुकलं असं मनात आणू नकोस.

फक्त एक कर. पाजणं बंद झाल्यावर काही महिन्यांनीही एखादी गाठ हाताला लागत असेल तर 'दूध साकळलं असेल' म्हणून सोडून देऊ नकोस. माझ्या मैत्रिणीला एका दवाखान्यात हेच सांगून परत पाठवलं आणि पाच महिने गेले.

---

तुषार_पाटील

हळदीबद्दल सांगा कुणीतरी. काकूला सगळे कर्क्युमिनच्या कॅप्सूल घे म्हणतात. त्याने कर्करोगाच्या पेशींची हीच पानगळ होते असं व्हिडिओत दाखवतात.

---

कृष्णाकाठ

तुषार, प्रयोगशाळेतल्या बशीत होते. मी स्वतः पाहिली आहे. कर्क्युमिन टाकलं की पेशी पटापट मरतात. पण बशीत आपण ते पेशीच्या अंगावर थेट ओततो. खाल्लेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं.

आणि काकूची केमो चालू असेल तर हे नक्की वाच. २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या एका अभ्यासात कर्क्युमिनने केमोमुळे होणारी पानगळ उलट अडवली. डॉक्सोरुबिसिनचंही तेच झालं. २००९ मध्ये ब्रुगे यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की जमीन सुटलेल्या पेशींना अँटिऑक्सिडंट (कर्क्युमिनही त्यातलंच मानतात) दिली तर त्या जास्त तगतात. हे बशीतले आणि उंदरांतले निकाल, माणसावर जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण 'नैसर्गिक आहे, तोटा तर नाही ना' हे म्हणणं यापुढे टिकत नाही. आमटी-भाजीतली हळद खुशाल खाऊ दे. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

---

अभ्यासू_परळ

अवांतर, पण राहवत नाही. या विषयात आपल्या मातीतलं एक नाव यायलाच हवं. कमल रणदिवे. जन्म १९१७, पुणे. पॅथॉलॉजिस्ट वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकून आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात अनुवंश, हॉर्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर त्यांनी काम केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण.

एक प्रश्नही आहे. बीसीएल-२ चा हात सोडवणारं औषध नाही का?

---

कृष्णाकाठ

रणदिवेबाईंची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. आज बशीत पेशी वाढवणारे आम्ही सगळे त्यांच्याच वाटेवर आहोत.

औषध आहे. व्हेनेटोक्लॅक्स, २०१६ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्यता मिळाली, तिथे ते फार छान चालतं. स्तनातल्या ईआर पॉझिटिव्ह गाठींसाठी हॉर्मोनच्या औषधाबरोबर देऊन पाहिलं, पण ज्या चाचणीवर भिस्त होती तिथे आजार रोखण्यात फरक पडला नाही. बीसीएल-२ ला धरलं तर तिचं भावंड एमसीएल-१ पुढे येऊन तेच काम करतं. आणि एमसीएल-१ ला सरसकट अडवावं तर हृदयाच्या स्नायूंनाही ते लागतं.

जिथे खरंच मोठं यश आलं ते बीआरसीए ही डीएनए दुरुस्तीची जनुकं बिघडलेल्या गाठींमध्ये. त्यांची डीएनए दुरुस्तीची एक वाट बंद असते. पार्प नावाचं प्रथिन अडवून दुसरीही बंद केली की ती पेशी मरते, आणि शेजारच्या चांगल्या पेशीची पहिली वाट शाबूत असल्याने ती वाचते. २००५ मध्ये हे दोन प्रयोगशाळांनी एकाच वेळी दाखवलं, २०१८ मध्ये ओलापॅरिबला अशा स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्यांच्या घरात आई, मावशी, बहीण अशा दोघीतिघींना तरुणपणी झालाय, त्यांनी बीआरसीएची तपासणी करायची का, हे जरूर विचारावं.

---

गोदावरी_७३

आत्या कशा आहेत आता?

---

कृष्णाकाठ

शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आल्या, म्हणजे तिथे कर्करोग दिसला नाही. सोमवारपासून रेडिएशन.

परवा तिला घेऊन पॅथॉलॉजिस्टकडे गेले होते. त्यांनी आपणहून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं तिला. एकाच स्लाइडवर दोन नळ्या होत्या. एक गच्च भरलेली, जांभळ्या ठिपक्यांनी ठासलेली. बोटभरही अंतर नाही अशा जागी दुसरी, पेशींची पातळ कड आणि मध्ये लख्ख पांढरं. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत डोळा लावला. मग विचारलं, "ही रिकामी आहे ती माझीच ना?"

"तुमचीच," ते म्हणाले.

बराच वेळ ती तीच बघत बसली होती.